मेघांचा पाठलाग
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



निवृत्त शिक्षकास व्यासपीठावर बोलाविले म्हणजे त्याने विद्यार्थ्यांच्या शिस्तीवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मोडून आम्ही आज अमेरिकेतील वादळांविषयी बोलणार आहोत. आपल्या ज्ञातीतील एका घरचे चिरंजीव ओक्लाहोमा राज्यात नोकरीस आहेत. दर मे महिन्यात रजा काढून ते मोटारीने वादळांच्या मागे धावतात व त्यांची छायाचित्रे घरी पाठवितात. ती पाहून वडिलांस अभिमान वाटतो आणि मातोश्रींची झोप उडते. "मास्तर, हे वेड म्हणावे की विद्या?" असे त्या माउलीने आम्हांस विचारले. आम्ही अनेक वर्षे भूगोल शिकविला असल्यामुळे उत्तर देणे प्राप्तच होते.

प्रथम ती भूमी डोळ्यांपुढे आणावी. टेक्सासपासून ओक्लाहोमा, कॅन्सास, नेब्रास्का व पुढे डकोटापर्यंत विस्तीर्ण मैदान पसरले आहे. वसंत ऋतूत दक्षिणेच्या मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण व दमट वारा येतो. पश्चिमेच्या उंच, रुक्ष प्रदेशावरून कोरडी हवा येते, आणि त्या सर्वांवर उंचावरून गार वारे वेगाने वाहत असतात. खाली एका दिशेचा मंद वारा व वर दुसऱ्या दिशेचा जोराचा, अशी स्थिती असली म्हणजे वर चढणारा हवेचा स्तंभ आपल्याभोवतीच फिरू लागतो. अशा फिरत्या महामेघास तिकडे 'सुपरसेल' म्हणतात. आपला वळवाचा मेघ त्याच कुळातला खरा, परंतु तो बहुधा तासाभरात रिता होतो. हा कित्येक तास टिकतो, लिंबाहून मोठ्या गारा पाडतो, आणि क्वचित त्याच्या तळातून हत्तीच्या सोंडेसारखा भोवरा भूमीपर्यंत उतरतो. तोच टॉर्नेडो. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ शेकडो मैल रुंद असते. हा बहुधा काही शे यार्डांचा, पण त्याच्या तडाख्यात सापडलेले घर उरत नाही.

असा मेघ पाहण्यास त्या मैदानाइतकी सोयीची जागा नाही. क्षितिज सर्व बाजूंनी मोकळे, आणि पुष्कळ भागांत मैलामैलावर काटकोनात रस्ते आखलेले. आपल्या घाटात कोणी हा छंद करू म्हणेल, तर पहिल्या वळणावरच मेघ डोंगराआड जाईल!

टॉर्नेडोचे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र 26 एप्रिल 1884 रोजी कॅन्सासमधील गार्नेट गावाजवळ ए. ए. ॲडम्स नामक हौशी छायाचित्रकाराने घेतले. तिपाईवरच्या अवजड पेटीसमोर वादळ थोडा वेळ रेंगाळले, म्हणून ते साधले. पुढे कित्येक वर्षे सरकारी हवामानखाते आपल्या अंदाजांत टॉर्नेडो हा शब्द उच्चारू देत नसे. लोक भयभीत होतील ही शंका. शब्द दडपल्याने वादळ टळते असे त्या खात्यास वाटले असावे.

छायाचित्रांचे खरे मोल जाणले ते शिकागो विद्यापीठातील जपानी पंडित तेत्सुया फुजिता यांनी. 20 जून 1957 रोजी नॉर्थ डकोटातील फार्गो शहरावर टॉर्नेडो कोसळला. अनेक नागरिकांनी त्याची चित्रे घेतली होती. फुजितांनी ती शंभराहून अधिक चित्रे गोळा केली, प्रत्येक कोठून घेतले हे शोधून काढले, आणि कोन मोजून वादळाचे चरित्र क्षणाक्षणाने लिहिले. टॉर्नेडोपूर्वी मेघाच्या तळाशी लोंबणाऱ्या भागास 'भिंत-मेघ' हे नाव त्यांनीच दिले. दुकानदाराने वा गृहस्थाने सहज घेतलेले चित्र शास्त्राचा पुरावा ठरले.

त्याच सुमारास, 1956 मध्ये, त्याच नॉर्थ डकोटातील डेव्हिड होडली हा तरुण आपल्या मोटारीने मेघांमागे जाऊ लागला. हा छंद लावणाऱ्या आद्य पुरुषांत त्याची गणना होते. 1977 मध्ये त्याने या छंदाचे एक छोटे नियतकालिकही काढले. इकडे ओक्लाहोमातील नॉर्मन येथे सरकारी वादळ-प्रयोगशाळा स्थापन झाली होती. 24 मे 1973 रोजी युनियन सिटी गावाजवळील टॉर्नेडोचे संपूर्ण आयुष्य तेथील पथकाने चित्रपटावर टिपले, आणि त्याच वेळी नॉर्मनचे डॉप्लर रडार त्या मेघाच्या पोटात पाहत होते. पुढे दोहोंचा मेळ घातला तेव्हा दिसून आले, की सोंड भूमीस टेकण्यापूर्वीच वर मेघगर्भात भोवऱ्याची खूण उमटलेली होती. त्या देशात 1990 नंतर डॉप्लर रडारांचे जे जाळे उभे राहिले, त्याच्या पायात हा एक दगड आहे. आज तेथील कुटुंबांस तळघरात शिरण्यापुरती काही मिनिटे आधी मिळतात. ही झाली विद्येची बाजू.

आता भयाची. या मंडळींचा नियम असा, की वादळ बहुधा ईशान्येस सरकते, पाऊस व गारा त्याच्या पुढे पडतात, म्हणून आपण आग्नेयेस राहावे, अंतर राखावे, आणि निसटण्याची वाट आधी ठरवावी. टिम सॅमरस हे हा नियम जाणणारे गृहस्थ होते. त्यांच्यापाशी महाविद्यालयाची पदवी नव्हती, हे सांगताना आम्हां मॅट्रिकवाल्यांस थोडे बरे वाटते. 24 जून 2003 रोजी साउथ डकोटातील मँचेस्टर येथे त्यांनी टॉर्नेडोच्या वाटेत स्वतः बनविलेले यंत्र ठेवले, आणि त्यात वायुदाब 100 मिलिबारांनी घसरल्याची नोंद मिळाली. असे मापन पूर्वी कोणास साधले नव्हते. तेच सॅमरस 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे पुत्र पॉल व सहकारी कार्ल यंग यांच्यासह मृत्यू पावले. तो टॉर्नेडो पाहता पाहता सव्वाचार किलोमीटर रुंद झाला, त्याने दिशा बदलली आणि वेग वाढविला. तिघेही एका कच्च्या रस्त्यावर साध्या मोटारीत होते.

तथापि त्या माउलीस आम्ही एक वेगळीच गोष्ट सांगितली. भोवऱ्यापेक्षा रस्त्याचे भय अधिक धरावे. 2022 च्या एप्रिलअखेर ओक्लाहोमा विद्यापीठात हवामानशास्त्र शिकणारे तीन विद्यार्थी कॅन्सासमधील वादळ पाहून परतत होते. ओल्या रस्त्यावर मोटार घसरली व मालमोटारीने धडक दिली, तिघेही गेले. वादळ केव्हाच मागे राहिले होते. म्हणून चिरंजीवांचा दूरध्वनी येईल तेव्हा, मेघ किती मैलांवर होता हे विचारावेच. पण परतताना मोटार कोण चालवीत होते, आदल्या रात्री किती झोप झाली होती, आणि बरोबर कोणी होते की एकटेच गेले होते, हेही विचारावे. वेड आणि विद्या यांतील भेद अशा उत्तरांतच कळतो. अलीकडे तर हाती भ्रमणध्वनी घेऊन तत्क्षणी जगास दाखविण्यासाठी धावणारेही पुष्कळ झाले आहेत. एल रेनोच्या दिवशी रस्ते मोटारींनी तुंबले होते. त्या गर्दीस आम्ही विद्या म्हणणार नाही.

मात्र त्या गर्दीचाही पुढे उपयोग झाला. एल रेनोचे चलच्चित्रण अनेकांनी निरनिराळ्या ठिकाणांहून केले होते. संशोधकांनी ते मागवून घेतले. प्रत्येकाच्या यंत्रातले घड्याळ वेगळे. तेव्हा कोणते चित्र कोणत्या क्षणाचे, हे जुळवावयाचे कसे? त्यांनी विजांचा आधार घेतला. एकच वीज सर्वांच्या चित्रांत एकाच क्षणी चमकते, आणि तिची वेळ वीज टिपणाऱ्या यंत्रणेत नोंदलेली असते. त्या विजांवरून सर्वांची घड्याळे एकमेकांशी मिळविली गेली, आणि तो टॉर्नेडो चहूबाजूंनी एकाच वेळी पाहता आला.