पेशीविभाजनाचा संयम आणि कर्करोग
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



ज्या वाचनालयातून शाळकरी वयात मी पुस्तके नेली, त्याच्याच शताब्दीनिमित्त येथे बोलण्याचा योग यावा, हे मी माझे भाग्य समजतो. विषय मात्र आनंदाचा नाही. कर्करोगाचे नाव आपल्याकडे अजूनही कुजबुजत उच्चारले जाते आणि त्या कुजबुजीनेच अनेकांचा घात केला आहे.

माझे एक काका याच गावी यंत्रमागावर काम करीत. तोंडात तंबाखूची गोळी सदैव असे. गालाच्या आत उठलेला पांढरा चट्टा त्यांनी वर्षभर कोणास दाखविला नाही. दाखविला तेव्हा उशीर झाला होता. ‘हे माझ्याच वाट्याला का?’ असे ते विचारीत. दैवाचे उत्तर माझ्यापाशी नाही. पेशीचे मात्र काही अंशी आहे.

बुऱ्हाणपूरकरांना मागाची भाषा समजावून सांगावी लागत नाही. धोटा धावतो, कापड वाढते. परंतु धागा तुटताच माग थांबला पाहिजे. तो थांबला नाही, तर वारच्या वार सदोष कापड निघते. शरीराचेही तसेच आहे. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते, रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात, तर मेंदूतील बहुतेक मज्जापेशी पुन्हा विभागतच नाहीत. केव्हा वाढावे याइतकेच केव्हा थांबावे, हेही पेशीला ठाऊक असते.

विभागण्यापूर्वी पेशी आकाराने वाढते, आपल्या गुणसूत्रांची नक्कल करते, ती नक्कल तपासते आणि मगच दुभंगते. प्रत्येक टप्प्यावर जणू तपासणीचा नाका असतो. हे रहस्य प्रथम माणसात नव्हे, तर यीस्टसारख्या क्षुद्र जीवांत उलगडले. लेलँड हार्टवेल व पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये या चक्राची सूत्रे हलविणारी जनुके शोधली, तर टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत, प्रत्येक विभाजनाच्या वेळी वाढून नाहीसे होणारे ‘सायक्लिन’ हे प्रथिन सापडले. २००१ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

या नाक्यांवरील एक दक्ष पहारेकरी म्हणजे १९७९ मध्ये सापडलेले ‘पी-५३’ हे प्रथिन. नकलेत बिघाड दिसला की ते विभाजन थांबविते. दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला आत्मनाशाकडे नेते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हाच पहारेकरी निकामी झालेला आढळतो. तथापि एका चुकीने कर्करोग होत नाही. वाढीला चेतविणारी जनुके बेबंद व्हावी लागतात आणि आवर घालणारी निकामी व्हावी लागतात. या दुसऱ्या प्रकारच्या जनुकांच्या बहुधा दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, हे आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये दाखविले. असे बिघाड साचण्यास वर्षे लागतात. म्हणूनच हा रोग बहुधा उतारवयात प्रकटतो.

या संशोधनात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. धोतराची गाठ जेथे वर्षानुवर्षे काचते त्या कमरेवर, आणि खैनी जेथे धरली जाते त्या ओठामागे उद्भवणाऱ्या कर्करोगांचे वर्णन त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये केले. जेथे वारंवार जखम, तेथे वारंवार विभाजन. आणि जेवढ्या नकला अधिक, तेवढी चुकांची संधी अधिक. तंबाखू तर जखमेबरोबर जनुकांवर थेट आघात करणारी रसायनेही आणते.

खानोलकरांच्या शिष्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातील पेशी १९५१ मध्ये येथेच वाढविल्या गेल्या. त्या आजही जगभर विभागत आहेत. त्यांच्यात शिरलेल्या पॅपिलोमा विषाणूची प्रथिने ‘पी-५३’ आणि दुसरा एक पहारेकरी यांना निष्प्रभ करतात, म्हणून त्या थांबत नाहीत. आज या विषाणूविरुद्ध लस आहे. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या मुलींना ती योग्य वयात द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तंबाखूवर मात्र लस नाही. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; तरी सुपारी आणि तंबाखू निरनिराळ्या पुड्यांतून घेऊन लोक हातावर एकत्र करू लागले. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००४ मध्ये तिची गणना कर्करोगकारकांत केली आहे.

काकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : नाके एका दिवसात पडत नाहीत, म्हणून मधल्या वर्षांत आपल्याला संधी असते. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो; पण तो कशाचा आहे हे घरी बसून ठरविता येत नाही. माझ्या काकांनी जे वर्ष गमावले, ते आपल्यापैकी कोणीही गमावू नये, एवढीच प्रार्थना.