ठेक्यावर मंदावणारा दिवा

सुरतेच्या दक्षिण भागातील पांडेसरा येथे कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या आहेत. त्यांच्या आधारावर खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. आखाजीला किंवा दिवाळीला ही मंडळी नवापूरवरून धुळ्याकडे निघतात. आता काही घरांत स्वतःची मोटार आहे. आणि मोटार आली की तीत मोठे स्पीकर ओघानेच आले.

अशा मोटारीत एक चमत्कार पुष्कळदा आढळतो. ढोलाचा ठोका घुमला की पुढचे दिवे क्षणभर मंदावतात व आवाज फाटतो. पांडेसऱ्याच्या झगमगत्या रस्त्यावर याची गंमत वाटेल. कोंडाईबारीच्या अंधाऱ्या घाटात मात्र वळणावरचा उजेड गाण्याच्या तालावर कमीजास्त होणे परवडणारे नाही.

विजेचा दाब उतरल्याचे हे लक्षण होय. तो कोठे उतरतो, हे शोधावयाचे असते. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ मध्ये मांडलेला नियम येथे पुरेसा आहे: प्रवाह आणि तारेचा रोध जितके अधिक, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. ६०० वॅट ओढणारा ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर ५० अँपिअर घेतो. घरातील २३० व्होल्टवर तेवढ्याच कामाला तीन अँपिअरही लागत नाहीत. म्हणून घरच्या अंदाजाने निवडलेली तार मोटारीत फसते. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर लांबीची, ४ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार नेली, तर तीत एक व्होल्टहून अधिक दाब हरवतो व सुमारे ५४ वॅटची नुसती उष्णता होते. १६ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हीच हानी पाव व्होल्टच्या आसपास येते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही दिसावयास जाडजूडच असते. तिचा रोध मात्र सुमारे दीडपट.

परंतु खर्चापूर्वी मोजावे. गाणे मोठ्याने चालू असताना मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर व दुसरे ॲम्प्लिफायरच्या धन टर्मिनलवर टेकवावे. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेतील चोरी. मग ऋण बाजूही तशीच तपासावी. तिकडे कारागिरांचे फार दुर्लक्ष होते. प्रवाह गाडीच्या पत्र्यातून परततो. रंगावरच स्क्रू आवळला किंवा दमट हवेत सांधा हिरवा पडला, की जाड तारेचे पैसे वाया गेले. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल घट्ट बसवावे.

दोन्ही आकडे लहान असूनही दिवे मंदावत असतील, तर दाब मुळातच उतरत आहे. इंजिन चालू असता बॅटरीवर साधारणतः १४ व्होल्टच्या आसपास दाब हवा. प्रत्येक ठोक्याला तो १२ च्या खाली जात असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा आल्टरनेटर अपुरा आहे. इंजिन मंद गतीने चालत असता आल्टरनेटरही पूर्ण प्रवाह देत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत गाडी पावलापावलाने सरकते, तेव्हा बॅटरी उतरते ती यामुळेच.

अशा वेळी दुकानात कपॅसिटर सुचविला जातो. १ फॅराडचा कपॅसिटर एक व्होल्ट उतरेपर्यंत ५० अँपिअर देतो, तो सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शापुरताच. रिकामा झाल्यावर तो भरावयाचा त्याच आल्टरनेटरवरून!

जाड तार घालताना फ्यूज मात्र बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच बसवावा, ॲम्प्लिफायरजवळ नव्हे. मधली तार पत्र्याच्या धारेने कापली गेली, तर डिकीतला फ्यूज शाबूत राहतो आणि तार पेटते.