चार शब्द बोलण्याचे शिक्षण

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



वर्गात पाहुण्यांसमोर कविता घडाघडा म्हणून दाखविणारा मुलगा, त्याच पाहुण्यांनी मधल्या सुट्टीत "काय रे, घरी कोण कोण असतं?" असे सहज विचारताच मान खाली घालतो आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागतो. हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. अशा मुलास 'लाजरा' म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. वस्तुतः त्या मुलाला पाठांतर शिकविले गेले, प्रश्नांची उत्तरे शिकविली गेली. चार शब्द बोलणे मात्र कोणी शिकविले नाही. संभाषण हे उपजत येते, ते शिकवावे लागत नाही, ही समजूत याच्या मुळाशी आहे.

किरकोळ बोलणे हे निरर्थक असते, अशीही दुसरी एक समजूत आहे. हातात पिशवी घेऊन निघालेल्या माणसास शेजारी "काय, बाजाराला का?" असे विचारतो. पिशवी त्याला दिसतच असते; तरीही तो विचारतो. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली या प्रकारच्या बोलण्याचे महत्त्व दाखवून दिले. असे शब्द माहिती मिळविण्यासाठी नसतात. माणसामाणसांत नाते जोडण्यासाठी असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, हा मराठी घरांतील रिवाज याच जातीचा आहे.

या कलेची अंगे थोडी व शिकविण्याजोगी आहेत. पहिले अंग म्हणजे आरंभ. तो दोघांनाही दिसणाऱ्या वस्तूपासून करावा : पाऊस, पीक, रस्ता, जत्रा. दुसरे, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपत नाही, असा प्रश्न विचारणे. "जत्रेला गेला होतास का?" यापेक्षा "जत्रेत काय काय पाहिलंस?" हा प्रश्न मुलाला बोलते करतो. तिसरे, समोरच्याच्या उत्तरातील एखादा धागा उचलून पुढे नेणे. हे ऐकल्यावाचून साधत नाही. चौथे, औचित्य. तू, तुम्ही, आपण यांतील कोणता शब्द कोणास वापरावा, अनोळखी वृद्धेला आजी म्हणावे, आणि कोणाची जात, मिळकत किंवा घरातील दुःख चारचौघांत विचारू नये, हे मुलांना वेळीच समजले पाहिजे.

परंतु मूल बोलावयाचे तर त्याला अवधी हवा. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनानुसार, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबत. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढविला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागली. यासाठी पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. केवळ शिक्षकाचा संयम लागतो.

याहूनही नाजूक प्रश्न घरच्या बोलीचा आहे. खानदेशातील पहिलीचे मूल सकाळी शिक्षकाजवळ येऊन सांगते, "मना भाऊ आजारी शे." यावर शिक्षक म्हणाले, "शे नव्हे, आहे म्हण," तर व्याकरणाचा एक धडा होतो, पण भावाचे आजारपण सांगावयाचे राहूनच जाते. सांगितलेले कोणी ऐकत नाही, असे त्या मुलास वाटले की ते पुन्हा सांगावयास येत नाही. याउलट शिक्षकांनी विचारले, "अरे, तुझा भाऊ आजारी आहे? काय होतंय त्याला?" तर 'आहे' हे रूप मुलाच्या कानावर पडतेच, आणि संभाषणही पुढे चालते. चूक न दाखविताही प्रमाण भाषा शिकविता येते. हीच रीत वऱ्हाडी, भिली, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत अधिक आस्थेने पाळावी लागेल. त्यासाठी शिक्षकाने त्या बोलीतील दहावीस शब्द तरी स्वतः शिकावेत.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात मौखिक भाषाविकास हे पायाभूत साक्षरतेचे अंग मानले आहे. तेव्हा संभाषणास दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, असे कोणी समजू नये. परिपाठानंतरची दहा मिनिटे यासाठी पुरेशी आहेत. मुलांनी जोडीजोडीने बसून एकमेकांस कालची हकीकत विचारावी, आणि नंतर प्रत्येकाने स्वतःची नव्हे, तर जोडीदाराची हकीकत वर्गास सांगावी; म्हणजे ऐकण्याचीही परीक्षा होते. दुकानदार व गिऱ्हाईक, यजमान व पाहुणा, एस. टी. चा वाहक व प्रवासी असे खेळ आठवड्यातून एकदा घ्यावेत. मागे राहणाऱ्या मुलास प्रथम सर्वांसमोर उभे करू नये. त्याच्याशी झाडांना पाणी घालताना किंवा पोषण आहाराच्या पंगतीत बोलावे.

बोर्डी येथे १९४५ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यातून पुढे कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा निघाली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच कुरणावर गेली. संभाषणाच्या शिक्षणाचेही तत्त्व हेच आहे. मूल जेथे आहे, ज्या बोलीत आहे, ज्या सुखदुःखात आहे, तेथे शिक्षकाने प्रथम जावे. उद्या तेच मूल दवाखान्यात आपल्या आईचे दुखणे नीट सांगू शकेल, कचेरीत आपले काम न भिता विचारू शकेल, आणि गावात आलेल्या परक्या माणसास "या, बसा, पाणी घ्या" असे म्हणू शकेल. उद्या सकाळी शाळेच्या दारात उभ्या असलेल्या सर्वांत अबोल मुलास शिक्षकाने एक साधा प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.