मालकाचा विश्वास

परभणीच्या मोंढ्यात कापसाची गाडी सोडणारा कुणबी काट्याइतकाच आडत्याच्या शब्दावर विसंबतो. परंतु धनी माणसाने गरिबाच्या शब्दावर विसंबावे, असे क्वचितच घडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ते करून दाखविले.

मुंबईस शिक्षक असता हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडिली आणि बेळगावास कारखाना काढिला. लोखंडी नांगराने भुई विषारी होते, असा त्या काळचा समज, नांगर खपेनात. पुढे शहरवाढीपायी तीही जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आश्रय दिला आणि १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

तेथे रात्रीच्या पहाऱ्यास माणसे नेमिली ती कोण? शिक्षा भोगून सुटलेली, ज्यांना कोणी उंबऱ्याशी उभे करीना अशी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे म्हणून व्यवहारी माणूस हसेल. पण ज्याची स्वतःची योग्यता एकदा नाकारली गेली, त्यास ते शल्य ठाऊक असते. त्याच माणसांनी वाडीची राखण केली.