घरातला लॅपटॉप : आवाजाची आणि बॅटरीची पारख
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



या दिवशी लोणची, भरतकाम, बाळाची निगा अशा विषयांवर नेहमी बोलणे होते. मी आज लॅपटॉपच्या पंख्यावर आणि बॅटरीवर बोलणार आहे. विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. पण ज्या घरात शिकणारे मूल आहे, किंवा घरी बसून नोकरी करणारी सून आहे, त्या घरात ही वस्तू आता मिक्सरइतकीच रोजची झाली आहे. मिक्सर अडला तर कपलिंग झिजले की ब्रश गेले, हे आपण ओळखतो. लॅपटॉप अडला की मात्र "त्यातले आपल्याला काय कळते?" म्हणून बाजूला होतो आणि दुकानदार सांगेल तो आकडा मोजतो. माझे म्हणणे एवढेच, की बिघाड कोणत्या जातीचा आहे हे घरच्या बाईला कानांनी आणि हातांनी ओळखता येते. ते ओळखल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आधी पंखा कशासाठी असतो ते पाहू. लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर नावाची चिप असते. सगळी आकडेमोड ती करते आणि काम करताना तापते. तिच्यावरून तांब्याची एक चपटी नळी जाते. ही नळी उष्णता उचलून कडेच्या पातळ पत्र्यांपर्यंत नेते आणि पंखा त्या पत्र्यांतून वारा बाहेर सोडतो. पत्र्यांमधली फट कंगव्याच्या दातांसारखी बारीक असते. घरातली धूळ, केस, कापसाचे तंतू तिथे अडकतात आणि त्यांचा हळूहळू नमदा बनतो. वारा कोंडला की चिप तापते आणि चिप तापली की पंखा अधिक जोराने फिरू लागतो. तेव्हा ओरडणारा पंखा पुष्कळदा धडधाकट असतो. त्याच्यावर कामाचा भार मात्र जास्त पडलेला असतो.

आमचे हे शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात. मशीनचा आवाज बदलला की आधी थांबून ऐकावे, असे ते नेहमी म्हणतात. तोच धडा इथेही लागू पडतो.

नुसता वाऱ्याचा मोठा सूं सूं आवाज येत असेल, तर लॅपटॉप कुठे ठेवला आहे ते पाहावे. गादीवर, गोधडीवर, मांडीवरच्या उशीवर ठेवला की खालची जाळी बंद होते. त्याला कठीण जागा हवी. आपला जेवणाचा लाकडी पाट याला फार चांगला. जागा बदलूनही आवाज तसाच राहिला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कोणता प्रोग्राम किती राबतो आहे याची यादी समोर येते. आपण काहीच करत नसताना एखादा प्रोग्राम राबत असेल, तर दोष त्याचा. तसे काही नसेल, तर धूळ साचली आहे असे समजावे.

घरघर किंवा खरखर असा आवाज, विशेषतः सुरू करताना, येत असेल तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे. तिथे पंखाच बदलावा लागतो. टकटक असा ठेक्यात आवाज आला, तर पात्याला एखादी वायर लागत असते किंवा पाते मोडलेले असते. जुन्या लॅपटॉपात फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या बाजूने कट्‌ कट्‌ ऐकू आले, तर बाकी सगळे सोडून आधी फोटो, दाखले, मुलांचा अभ्यास दुसरीकडे उतरवून घ्यावा. ती डिस्क कधी मान टाकील याचा नेम नाही. आणि लॅपटॉप चटका बसण्याइतका तापला असून पंख्याचा आवाजच नाही, तर तो लगेच बंद करावा.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची हकीकत सांगते. डिप्लोमाचे शेवटचे वर्ष, आणि तिचा लॅपटॉप पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडू लागला. एका दुकानात सांगितले, बोर्ड गेला, दुरुस्तीत अर्थ नाही, नवा घ्या. घरात ठरले की यंदा नवा घ्यायला जमणार नाही, भावाचा रिकामा असेल तेव्हा तिने वापरावा. भगिनींनो, भावाचा रिकामा असतो रात्री अकरानंतर! घरातली एक वस्तू बंद पडली की कुणाचे काम थांबवायचे हे फार लवकर ठरते, आणि ते मुलीचे किंवा सुनेचे असते. मी तिला विचारले, बंद पडल्यावर गार होऊ दिला तर पुन्हा चालतो का? ती म्हणाली, चालतो, सकाळच्या गारव्यात तर अर्धा तास चालतो. गार झाल्यावर चालतो, त्या अर्थी आधी उष्णतेकडे पाहायला हवे, बोर्डाचे नाव मागाहून. आम्ही दुसऱ्या कारागिराकडे गेलो आणि समोर उघडायला लावला. आत धुळीचा नमदा आणि अडकलेला पंखा! नवा पंखा, साफसफाई आणि चिपवरची वाळलेली पेस्ट बदलणे मिळून बाराशे रुपये झाले. मुलीने आपले काम वेळेत पुरे केले.

घरी साफ करायचा तर आधी बंद करून चार्जर काढावा. फोटोवाल्यांकडे मिळतो तो रबरी फुगा घेऊन जाळीत थोडी थोडी हवा सोडावी. पाठ उघडता येत असेल तर काडीने पाते धरून ठेवावे, कारण वाऱ्याने पंखा गरगर फिरला तर बेअरिंगला धक्का बसतो. तोंडाने फुंकू नये, ओले फडके लावू नये. वॉरंटी असेल तर न उघडता कंपनीच्या केंद्रात न्यावा.

आता बॅटरीकडे वळते. आजच्या लॅपटॉपात लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. ज्यांच्या संशोधनातून ती घडली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी जन्मभराची नसते. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. तिचा मोठा शत्रू उष्णता. म्हणजे कोंडलेला पंखा बॅटरीचेही आयुष्य खातो. दिवसभर चार्जरवर राहणाऱ्या लॅपटॉपात ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असेल, तर ती चालू करावी. रोज शून्यापर्यंत उतरवू नये.

बॅटरी खरेच थकली का, हेही पाहता येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट, असे इंग्रजीत लिहिले की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळची क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता हे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला, तर बॅटरी बदलावी. आकडे चांगले आहेत पण वायर हलवली तरच चार्ज होतो, तर दोष पिनेत किंवा वायरीत. मग बॅटरीचे पैसे कशाला द्यायचे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचा पूर शहरात आला, तेव्हा कित्येक भागांत वीज नव्हती. बॅटरीची किंमत अशा वेळी कळते. पण पाण्यात भिजलेला लॅपटॉप चालतो का हे पाहायला बटण मुळीच दाबू नये.

शेवटची गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट मिटेना, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर आत बॅटरी फुगली आहे असे समजावे. चार्जर काढावा आणि लॅपटॉप बंद करावा. दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये. गादी-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवून लवकर जाणकाराकडे न्यावा. ती पेटू शकते. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. २०२२ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यावी.

भगिनींनो, दुरुस्ती कारागिरानेच करावी, तो त्याचा धंदा आहे. पण दुकानात जाताना आवाज कोणता, तो केव्हा येतो, गार झाल्यावर काय होते, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला नीट उत्तर द्यावेच लागते. आपल्या लेकीसुनांचे काम पंख्यातल्या धुळीपायी अडू नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.