कुंपणच शेत खातं तेव्हा

एचआयव्हीचा विषाणू सीडी-४ या पांढऱ्या पेशी मारतो, हे आपण ऐकलंय. पण काही रुग्णांच्या रक्तात याच पेशींविरुद्ध शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, सापडतात. एचआयव्हीच्या गोळ्या नियमित, विषाणू आटोक्यात, तरी काहींच्या सीडी-४ वाढत नाहीत. त्याचं हे एक कारण असावं, असं संशोधकांना वाटतं. कधी अशी प्रतिपिंडं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटवर उलटतात. मग हिरड्यांतून रक्त येतं, पायांवर बारीक लाल ठिपके उठतात. गोळ्यांनीच हे झालं असं समजून औषध सोडू नका. एआरटीनेच, म्हणजे एचआयव्हीच्या याच गोळ्यांनी, प्लेटलेट बहुधा सुधारतात. अशी लक्षणं दिसली तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एआरटी केंद्रात लगेच दाखवा. औषधं मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ वर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत.