चकाकी नसलेला रंग

शाळेचा फळा चकाकला, तर कडेच्या मुलांना अक्षर दिसत नाही. जीपच्या बॉनेटचेही तसेच. ऊन त्यावरून उसळते आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांत शिरते. म्हणून काही जण बॉनेटला चकाकी नसलेला काळा रंग देतात. त्याला मॅट रंग म्हणतात.

हा रंग चूक लपवत नाही. आम्ही एकदा एका जीपला तो दिला. एके जागी फिका वाटला, म्हणून तेवढ्यावरच पुन्हा हात दिला. वाळल्यावर तिथे डाग उठला! अखेर सारे बॉनेट घासून पुन्हा रंगवावे लागले.

तेव्हा ध्यानात ठेवा. पत्रा साबणाने धुवा. पॉलिश कागदाने घासा. पुसून कोरडा करा. उघड्या पत्र्याला आधी प्रायमर लावा. रंगाचा डबा तळापासून ढवळा. चमक मारणारी पूड तळाशी बसते. फवारा वीतभर अंतरावरून मारा. हात एकाच वेगाने चालवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या. थर पातळ द्या. एक सुकला की दुसरा. भर उन्हात रंगवू नका. रंगकामाचा मास्क लावा. पुढे त्यावर मेण घासू नका, नाहीतर चमक येते.

हात सारखा, तर रंग सारखा. घाई केली, की काम दुप्पट!